डेव्हेंटर पाहायला जाताय? आधी नदीपलीकडे जा

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांचा पहिल्या वर्षाचा क्रम साधारण ठरलेला असतो. ॲमस्टरडॅमचे कालवे, झान्स स्कान्सच्या पवनचक्क्या, वसंतात कॉयकेनहॉफची ट्यूलिप्स, आई-बाबा आले की खिटहोर्नची बोट. ते सगळं झालं की प्रश्न येतो, आता कुठे? मला कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं: डेव्हेंटर. ओव्हरआयसेल प्रांतातलं, आयसेल नदीच्या काठावरचं, हजार वर्षांहून जुनं व्यापारी गाव. एका दिवसात पायी बघून होतं आणि वर्षातून दोनदा गेलं तरी कंटाळा येत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्टेशनवरून थेट मुख्य चौकात गेलो, देवळासारखी एकेक इमारत बघून हात जोडले आणि संध्याकाळी परतलो. नदी पाहिलीच नाही. दुसऱ्या खेपेला पलीकडच्या काठावर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की पहिल्या खेपेला मी गाव उलट्या बाजूने वाचलं होतं. इथे रस्ते, चर्च, गोदामं, छापखाने, अगदी खाऊसुद्धा नदीवाटे आलेला आहे. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो नदीपासून सुरू होतो. शक्यतो तो मोडू नका.

निघण्याआधी

वार नीट निवडा. ब्रिंक या मुख्य चौकात शुक्रवारी आणि शनिवारी बाजार भरतो, म्हणून शनिवार उत्तम. सोमवारी संग्रहालयं बहुधा बंद आणि दुकानंही उशिरा उघडतात. रविवारी दुकानं दुपारी उघडतात, पण गल्ल्या शांत असतात, ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी रविवार सकाळ धरावी.

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो, उट्रेख्टहून तासाभराचा प्रवास. वेळा आदल्या दिवशी ॲपवर बघून घ्या, कारण शनिवार-रविवार रुळांची कामं काढलेली असतात. तिकिटासाठी बँकेचं कार्ड दाराशी टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. तेच म्हणजे तेच: जाताना फोन आणि येताना कार्ड असं केलंत तर यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी होतात आणि भुर्दंड बसतो. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं. इथे कायमचे राहायला आला असाल तर कमी गर्दीच्या वेळेत सवलत देणारा मासिक पास काढून ठेवा. शनिवार-रविवार पूर्ण दिवस सवलतीत धरला जातो, त्यामुळे कुटुंबाने भटकणाऱ्यांचे पैसे लवकर वसूल होतात.

चपला-बुटांचा विचार करा. जुन्या भागात गोल माथ्याच्या दगडांची फरसबंदी आहे. डच लोक त्या दगडांना 'किंडरहोफ्येस' म्हणतात, म्हणजे 'लहान मुलांची डोकी'. एकदा त्यांच्यावरून चाललात की नाव का पडलं ते तळव्यांना कळतं. बाबागाडी मोठ्या चाकांची घ्या. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना पातळ तळव्याच्या चपला घालू देऊ नका.

पहिलं काम: नदी ओलांडा

स्टेशनातून बाहेर पडल्यावर गर्दी सरळ ब्रिंककडे जाते. तुम्ही नदीकडे वळा. गावाच्या कडेने जाणाऱ्या काठरस्त्याला 'वेले' म्हणतात. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोचता. व्हिस्पोर्ट, म्हणजे मासळी दरवाजा, या नावाच्या जागेजवळ एक लहानशी तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी बोट, सुटते. तिला इथे 'पोंट्ये' म्हणतात. वेळापत्रक बघायची गरज नाही, ती या काठावरून त्या काठावर सारखी ये-जा करत असते. भाडं किरकोळ आहे. सायकलीही चढतात.

ही तर फार मोठी नाही, पण तिच्यावर उभं राहिल्यावर नदीचा जोर पायांना जाणवतो. नावाडी समोरच्या धक्क्याकडे नाक धरत नाही. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करतो आणि पाणी तिला आपोआप धक्क्यापाशी आणून सोडतं. माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने कठडा धरून विचारलं, "अरे, हा भलतीकडेच निघालाय का?" दोन मिनिटांत आम्ही बरोबर पायरीला लागलो. तेवढ्यात वरून लांबलचक मालवाहू बार्ज येत असली की ही तर थांबते, तिला वाट देते. नदी आजही कामाची आहे, हे तिथे समजतं.

आयसेल ही ऱ्हाइनची शाखा. जर्मनीतून ऱ्हाइन नेदरलँड्समध्ये शिरली की तिचं पाणी वाटलं जातं: सुमारे दोन तृतीयांश वाल नदीत जातं आणि साधारण नववा हिस्सा आयसेलला मिळतो. एवढ्याशा वाट्यावर डेव्हेंटर, झुटफेन, झ्वोले, कांपेन ही गावं मध्ययुगात श्रीमंत झाली, कारण आयसेल उत्तरेला जाऊन समुद्राला मिळत होती. जर्मनीच्या आतल्या भागातला माल आणि नॉर्वे-बाल्टिककडचा माल यांची गाठ इथे पडायची. उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या 'हान्सा' या संघात डेव्हेंटर होतं. गावात वर्षाला पाच मोठ्या जत्रा भरत आणि दूरदूरचे व्यापारी येत.

पलीकडे उतरलात की मागे वळून बघा. डावीकडे एकटा जाड मनोरा दिसतो तो लेबुइनस चर्चचा. उजवीकडे उंचावर जोडमनोरे दिसतात ते बेर्गकेर्कचे. मधे पायऱ्यापायऱ्यांच्या कौलारू भिंती. बोटीने येणाऱ्या व्यापाऱ्याला गाव असंच दिसायचं. दिशा लक्षात ठेवा: तुम्ही पश्चिम काठावर आहात, म्हणजे सकाळी सूर्य गावाच्या मागे असतो. फोटोला खरा उजेड दुपारनंतर मिळतो.

या काठाला वोर्प म्हणतात. जुनी मोठी झाडं असलेली सार्वजनिक बाग आहे, डबे उघडून बसायला हीच जागा. त्याच काठावर बोल्व्हर्क्समोलेन ही १८६३ ची पवनचक्की आहे. ती धान्य दळत नाही, लाकूड कापते. पाती फिरत असतील तर आत डोकवा.

इथली कुरणं आणि पाण्याचे लांबट ओहोळ नुसती शोभा नाहीत. १९९५ च्या महापुरात ऱ्हाइनच्या शाखांकाठची अडीच लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून गेली होती. त्यानंतर सरकारने बांध आणखी उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा मोकळी करून द्यायचं ठरवलं. डेव्हेंटरपाशी पूरमैदानात जोडकालवे खणले, ते काम २०१५ मध्ये पुरं झालं. पाणी वाढलं की ते आधी इकडे पसरतं आणि समोरच्या गावावरचा ताण कमी होतो. हिवाळ्यात वेलेचा रस्ताच कधीकधी पाण्याखाली जातो. तेव्हा ही तरसुद्धा बंद असते, रस्त्यावर फाटकं लागतात आणि गावकरी पूर बघायला काठावर येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उन्हाळ्यात दगडी धक्क्यांच्या मधे वाळूचे छोटे किनारे दिसतात आणि मुलं पाण्यात जायला बघतात. नदीत पोहू देऊ नका. मोठी बार्ज जाताना किनाऱ्याचं पाणी आधी ओढून नेते आणि मग एकदम परत फेकते. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं मूलही त्यात ओढलं जाऊ शकतं.

पुलावरून परत

येताना तरीने येऊ नका. काठाने प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे चाला. दहा-पंधरा मिनिटांत विल्हेल्मिना पूल येतो. पुलावर चालायला आणि सायकलींना वेगळी वाट आहे. तर बंद असेल त्या दिवशी जाताना-येताना हाच पूल वापरा.

हा पूल पाहिल्यावर काहींना ओळखीचा वाटेल. १९४४ मध्ये आर्नहेमच्या पुलासाठी जी लढाई झाली, तिच्यावरच्या गाजलेल्या युद्धपटाचं चित्रीकरण १९७६ साली इथे झालं. आर्नहेमचा परिसर तोपर्यंत नवा होऊन गेला होता, डेव्हेंटरचा पूल आणि भोवतालची जागा त्याच्याशी मिळतीजुळती होती. खुद्द डेव्हेंटर कॅनडाच्या सैन्याने १० एप्रिल १९४५ ला मुक्त केलं.

पूल उतरला की डावीकडे चढ लागतो. सपाट नेदरलँड्समध्ये चढ! नदीने आणि वाऱ्याने जमवलेल्या वाळूची ही टेकडी आहे. तिच्यामुळे या वस्तीचं नाव बेर्गक्वार्टियर, 'डोंगरपेठ'.

बेर्गक्वार्टियर: इथे घाई करू नका

गावाचा हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे आणि इथे किमान दीड तास ठेवा. टेकडीवरचं बेर्गकेर्क हे चर्च सुमारे १२०० सालचं, संत निकोलसच्या नावाचं. निकोलस हा नावाड्यांचा आणि व्यापाऱ्यांचा रक्षक मानला जातो. डिसेंबरात तुमच्या मुलांच्या शाळेत येणारा सिंटरक्लास तो हाच. समुद्रावर जाणाऱ्यांनी आपल्या पैशातून आपल्या रक्षकाचं देऊळ उंचावर, नदीतून दिसेल असं बांधलं. आता आत प्रार्थना होत नाहीत, प्रदर्शनं आणि कार्यक्रम होतात.

खालच्या गल्ल्यांत हान्साच्या व्यापाऱ्यांची घरं आहेत. खाली दुकान, वर माल, आणि शिखराशी माल चढवायची कप्पी. मान वर करून चाला. त्या मालातला महत्त्वाचा माल म्हणजे 'स्टॉकफिस', नॉर्वेतल्या बेर्गनहून येणारा सुका कॉड. मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर दांडीला टांगून वाळवलेला, लाकडासारखा कडक. खायचा तर आधी बडवावा आणि भिजत घालावा लागतो. वलांडीवरचे बोंबील पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती युरोपाला ही टिकाऊ मासळी हवी होती आणि डेव्हेंटरच्या व्यापाऱ्यांनी तिच्यावर बक्कळ कमावलं. डेव्हेंटरकरांना आजही 'स्टॉकफिसन' हे टोपणनाव आहे.

या गल्ल्या आज इतक्या देखण्या दिसतात, पण साठ वर्षांपूर्वी पडक्या होत्या, पाडायच्या यादीत होत्या. १९६८ मध्ये त्या वाचवण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली आणि तिने एकेक घर विकत घेऊन, दुरुस्त करून, पुन्हा राहतं केलं. म्हणून इथे खिडकीत मांजर दिसतं, दाराशी मुलांच्या सायकली दिसतात. हे संग्रहालय झालेलं नाही. लोकांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नका, एवढी विनंती.

नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी याच गल्ल्यांत डिकन्सच्या कादंबऱ्यांतली माणसं फिरतात. गावातले शेकडो रहिवासी एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून दोन दिवस त्या भूमिकेत राहतात. बघण्यासारखं आहेच, पण आत शिरायला लांब रांग लागते. सकाळी लवकर पोचा आणि मुलांना दोन थर कपडे जास्त घाला.

ब्रिंक आणि वजनाचं घर

टेकडीवरून खाली उतरलात की ब्रिंक. लांबट, एका बाजूला निमुळता होत जाणारा चौक. त्याच्या टोकाशी उभी असलेली, पुढे दुहेरी दगडी जिना असलेली इमारत म्हणजे 'वाख', १५२८ मध्ये बांधायला घेतलेलं वजनघर. नेदरलँड्समधल्या उभ्या असलेल्या वजनघरांत हे सर्वांत जुनं. बाजारात येणारा माल गावाच्या अधिकृत काट्यावर तोलायचा, त्याची पट्टी भरायची, मगच विकायचा. आपल्याकडे डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली ती पुढे सतराव्या शतकात. वखार घालणाऱ्या त्या देशाला व्यापाराची शिस्त कशी लागली, ते बघायचं तर या जिन्यासमोर उभं राहा. आत आता गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

बाहेरच्या भिंतीवर एक मोठी तांब्याची कढई टांगलेली आहे. लोक तिच्याखालून आइस्क्रीम खात जातात. तिची कथा भयंकर आहे: १४३४ मध्ये खोटी नाणी पाडणाऱ्या एका टाकसाळ-प्रमुखाला या कढईत उकळून मारलं. जत्रांवर जगणाऱ्या गावात खोटं नाणं म्हणजे सगळ्यांच्या पोटावर पाय, म्हणून शिक्षाही अशी की येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने बघावी. सोबत लहान मुलं असतील तर किती सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. माझ्या मुलीने तिकडून निघेपर्यंत पाच प्रश्न विचारले.

चौकातली दोन घरं शोधा. एक 'तीन हेरिंग', १५७५ चं, नावाप्रमाणे दर्शनी भिंतीत तीन मासे कोरलेले. दुसरं पेनिंक्सहॉइस, सद्गुणांच्या मूर्ती असलेलं. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या जुन्या डच ओळीचा अर्थ असा: देवाची मर्जी असेल तर लोकांनी कीव करण्यापेक्षा हेवा केलेला बरा. श्रीमंत झालेल्या माणसाने स्वतःच्या दारावर इतकं मोकळेपणाने लिहावं, मला ते फार आवडतं.

जेवण इथेच उरका. चौकात सगळीकडे टेबलं मांडलेली असतात, पण शाकाहारी मंडळींनी खाद्ययादी बाहेरच वाचून घ्यावी. शनिवारी बाजारातून चीज, पाव आणि फळं घेऊन बाकावर बसणं स्वस्त आणि चांगलं. छोट्या दुकानांत बरेचदा क्रेडिट कार्ड चालत नाही, डच डेबिट कार्ड किंवा थोडी रोख जवळ असू द्या.

पुस्तकांचं गाव

आता लेबुइनस चर्चकडे निघा. वाटेत सांड्रास्टेख या गल्लीत 'प्रूस्डाय' नावाचं साधारण ११३० चं दगडी घर आहे. राहत्या घरांत देशातलं सर्वांत जुनं दगडी घर म्हणून ते ओळखलं जातं. दगड टफ जातीचा, ज्वालामुखीच्या राखेचा. या चिखलमातीच्या देशात असा दगड मिळत नाही, तो जर्मनीच्या आयफेल भागातून ऱ्हाइनवरून बोटीने आला. हात लावून बघा, खरखरीत आणि अपेक्षेपेक्षा मऊ लागतो.

लेबुइनस हा इंग्लंडहून आलेला धर्मप्रसारक. आठव्या शतकात त्याने इथे नदीकाठी लाकडी चर्च बांधलं, सॅक्सन लोकांनी ते जाळलं, पुन्हा उभं राहिलं. आजचं भव्य चर्च बरंचसं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं, पण जमिनीखालचं तळघर अकराव्या शतकातलं आहे. तिथल्या खांबांवर पीळ घातलेली नक्षी आहे. ते चुकवू नका. हवामान बरं असेल आणि मनोरा उघडा असेल तर वर चढा. दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, जिना अरुंद आणि गोल. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी खाली बसून घंटांचा नाद ऐकावा. वरून सकाळी चाललेला सगळा रस्ता एका नजरेत दिसतो: तर, बाग, पूल, टेकडी.

या चर्चच्या सावलीतल्या लॅटिन शाळेत इरॅस्मस हा पुढे युरोपभर गाजलेला विद्वान लहानपणी शिकला. त्याच्याही आधी, १३४० मध्ये, इथे एका धनिक घरात खेर्ट खोटे जन्मला. त्याने १३७४ मध्ये वडिलोपार्जित घर गरीब बायकांना राहायला दिलं आणि साधेपणाने, कष्टाने, वाचन-मननाने भक्ती करावी असा विचार मांडला. त्याच्या मागून जमलेले 'समान जीवनाचे बंधू' भीक मागत नसत, ग्रंथांच्या नकला करून पोट भरत. भक्तीला हाताच्या कामाची जोड देणारी ही माणसं आपल्याला परकी वाटत नाहीत. खेर्ट खोटेच्या नावाचं छोटं स्मृतिघर गावात आहे. अर्ध्या तासात होतं.

नकलाकारांमागोमाग छापखाने आले. रिचर्ड पाफ्राटने १४७७ मध्ये पहिला छापखाना घातला आणि १५०० सालापर्यंत इथे जेवढी पुस्तकं छापली गेली तेवढी आजच्या नेदरलँड्स-बेल्जियममधल्या दुसऱ्या कुठल्याच गावात छापली गेली नाहीत. शाळा होती म्हणून गिऱ्हाईक होतं, नदी होती म्हणून माल बाहेर जात होता. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नदीकाठी आणि गावभर जुन्या पुस्तकांचा प्रचंड बाजार भरतो. शेकडो गाळे, किलोमीटरच्या किलोमीटर पुस्तकं. बहुतेक डच, पण इंग्रजी, चित्रं, जुने नकाशे भरपूर. मोकळी पिशवी न्या आणि सकाळी नऊलाच पोचा.

चर्चसमोरच नगरपालिका. २०१६ मध्ये झालेल्या नव्या भागाच्या खिडक्यांवर जाळ्या आहेत. जवळ जाऊन बघा: प्रत्येक जाळी म्हणजे एका माणसाच्या बोटाचा ठसा आहे. गावातल्या २,२६४ रहिवाशांचे ठसे. आपल्या आजोबांच्या पिढीत अंगठा उठवणं म्हणजे निरक्षर असल्याची खूण होती. पुस्तकांच्या या गावाने तसाच ठसा नगरपालिकेवर मानाने मिरवला, ते बघून मी बराच वेळ तिथेच उभा होतो. जुन्या भागात खेरार्ड टर बोर्खने १६६७ मध्ये रंगवलेलं नगरसभेचं चित्र आहे, काळ्या कपड्यांतले गंभीर कारभारी. आत जायला मिळालं तर जरूर पाहा.

निघताना

ब्रिंकवर बुसिंकचं जुनं दुकान आहे, तिथून 'डेव्हेंटर कूक' घ्या. राईचं पीठ, मध आणि मसाले यांचा गडद, चिवट केक. दुकान आपली परंपरा १५९३ पासूनची सांगतं. हाही नदीचाच खाऊ: आठवडेच्या आठवडे टिकतो म्हणून बोटीवर नेता यायचा. अंडं खात नसाल तर पाकिटावर घटक वाचा, ई आणि आय ही दोनच अक्षरं सुटी दिसली तर तो अंड्यासाठीचा डच शब्द.

उन्हाळ्यात संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो. तेवढा वेळ असेल तर कूक घेऊन पुन्हा वेलेवर या. आता सूर्य पलीकडच्या काठावर उतरलेला असतो. तर चालू असेल तर आणखी एकदा ओलांडा आणि सकाळी अंधारात असलेल्या गावावर पडलेलं ऊन बघा. मग काठानेच स्टेशन गाठा. आपल्या स्टेशनवर उतरल्यावर कार्ड टेकवायला विसरू नका.

कूक घरी आल्यावर लगेच संपवू नका. पातळ काप करून लोणी लावा आणि बिनसाखरेच्या चहासोबत खा. सुरीला चिकटतो, म्हणून दर दोन कापांनंतर सुरी गरम पाण्यात बुडवून घ्या.